जहाजावर जाणारी हार्ड डिस्क

जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाची बॅग कशी भरतात, हे कोकणातल्या मुस्लिम घरांना वेगळे सांगायला नको. पासपोर्ट आणि सीडीसी हातातल्या पिशवीत, बाकी सारे मोठ्या बॅगेत: बॉयलर सूट, थंडीचे कपडे, जानमाज, घरचा मसाला, तीन पिशव्यांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी आणि मुलांनी शेवटच्या क्षणी कोंबलेले काहीतरी. माझ्या सासऱ्यांच्या वेळी या बॅगेत कव्वालीच्या कॅसेटी असत. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मुलांच्या अब्बूंच्या बॅगेत गेली काही वर्षे लोकरी मोज्यात घातलेली एक पोर्टेबल हार्ड डिस्क जाते. तिच्यात नातेवाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ आहेत, काही तकरिरी आहेत आणि एका फोल्डरात गेम आहेत. हा लेख त्या फोल्डरविषयी आहे.

गेम हा शब्द वाचून काही भगिनी पान उलटतील. मी स्वतः शिक्षिका आहे. मोबाइलवरच्या गेमविषयी पालकसभेत जे बोलायचे ते मी दरवर्षी बोलते आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण आमच्या घरची गोष्ट थोडी वेगळी आहे. नऊ-नऊ महिने घराबाहेर असलेला बाप आणि वयात येणारा मुलगा यांच्यात बोलायला काय उरते? फोन लागला की "अभ्यास झाला का", "नमाज पढलास का", "अम्मीला त्रास देऊ नकोस", आणि मग दोघेही गप्प. ती गप्प जागा आमच्याकडे एका गेमने भरली. तो गेम भर समुद्रात चालावा म्हणून काय करावे लागते, हे आम्हाला हळूहळू कळत गेले. तुमच्या घरातले कोणी बोटीवर किंवा नेट न पोहोचणाऱ्या कुठल्या साइटवर असेल, तर त्यातले काही तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी जहाजावरच्या इंटरनेटविषयी. काही जहाजांवर आता उपग्रहाचे जलद नेट आले आहे. पण मुलांचे अब्बू ज्या मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये काम करतात, तिथे आजवर प्रत्येकाला महिन्याचा ठरावीक डेटाच मिळत आला. त्यात व्हॉट्सअॅपचा मजकूर जातो, आवाजाचा निरोप जातो. व्हिडिओ कॉल मात्र बंदर जवळ आल्यावरच. वीस-तीस जीबीचा गेम तिथे डाउनलोड करण्याचा विचारही कोणी करत नाही. नुसता घरून बसवून नेला तरी भागत नाही. बरेच गेम ऑनलाइन दुकानाच्या अॅपमधून येतात आणि चालू करताना अधूनमधून दुकानाला विचारतात, की हा खरेच आपला गिऱ्हाईक आहे ना? दुकान किनाऱ्यावर, गिऱ्हाईक हिंदी महासागरात. एका सफरीत असाच एक पैसे मोजून घेतलेला गेम लॅपटॉपवर होता. सिंगापूर सुटल्यावर काही आठवड्यांनी त्याने लॉगिन मागितले आणि नेट नाही म्हणून उघडलाच नाही. उरलेली पूर्ण सफर तो लॅपटॉपवर जागा अडवून बसला.

'विकत घेतला' हा शब्द आपण किती सहज वापरतो! पुस्तक विकत घेतले की ते कपाटात राहते, प्रकाशक घरी येऊन ते परत नेत नाही. गेमच्या बाबतीत पुष्कळदा आपण घेतो तो फक्त परवाना. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा गेम काढला होता. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि दुकानातून डबाबंद डिस्क आणलेल्यांनाही तो खेळता येईना. त्यावर युरोप-अमेरिकेत बरीच ओरड झाली. कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की कायमचा हक्क मिळत नसेल तर दुकानाने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. गिऱ्हाइकाला त्यातून वस्तू मिळाली नाही, पण काय मिळत नाही हे तरी लिहून मिळाले.

याला पर्याय आहे, आणि तो जुनाच आहे: इन्स्टॉलर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. सुटे भाग जोडून उभे करायचे लाकडी कपाट मिळते ना, त्याचा पत्र्याच्या पट्ट्या बांधलेला चपटा खोका म्हणजे इन्स्टॉलर. एकदा भिंतीला ठोकलेले कपाट दुसऱ्या घरात नेता येत नाही, खोका कुठेही नेता येतो. पोलंडमध्ये २००८ साली सुरू झालेले गॉग नावाचे एक ऑनलाइन दुकान आहे. तिथे विकत घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर फाइलच्या रूपात उतरवून स्वतःजवळ ठेवता येतो. एकट्याने खेळायचा गेम असेल, तर बसवताना किंवा खेळताना पुन्हा नेट लागत नाही. उद्या दुकान बंद पडले, तरी तुमच्याजवळची फाइल तुमच्याजवळच राहते. अर्थात तुम्ही ती नीट ठेवली असेल तर. कारण ती हरवली की भरून द्यायला मग कोणी नाही.

आमच्या मोठ्याने ईदीच्या पैशातून तिथून पहिला गेम घेतला तो 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून तो केला आणि २०१६ साली बाजारात आणला. चित्रे, संगीत, गोष्ट, सगळे एकट्याचे. शहरातल्या नोकरीला कंटाळलेल्या माणसाला आजोबांची पडीक शेती मिळते आणि तो ती कसतो, एवढीच कथा. तण काढा, पाणी घाला, कोंबड्या पाळा, संध्याकाळी मासे पकडा. चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. घड्याळ चालू असते, पण कोणी कोणाचा जीव घेण्यासाठी मागे लागलेले नाही (खाणीत उतरलात तर थोडी मारामारी आहे, ती सोडून). इंजिनरूमच्या गरमीतून आणि आवाजातून वर आलेल्या माणसाला ही हिरवी शेती का आवडते, हे मला त्यांनी एका वाक्यात सांगितले होते: "इथे पाणी घातलेले उगवते."

एक गोष्ट मला खटकली होती, तीही सांगते. त्या गेममधल्या गावात दारूचा गुत्ता आहे आणि महागड्या फळांची वाइन करून विकली तर पैसे भरपूर मिळतात. मी काही बोलायच्या आत मुलाने अब्बूंना विचारून टाकले होते. दोघांचा करार झाला: आपल्या शेतात फळांचा मुरंबाच होईल. पैसे थोडे कमी मिळतात. या करारावर दोघे इतके गंभीर आहेत, की सफरीवरून येणाऱ्या निरोपांत "मुरंब्याच्या बरण्या किती झाल्या" हे वाक्य अजून असते.

उत्तनमधल्या मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलेही आमच्याकडे येतात, विशेषतः जून-जुलैमध्ये. त्या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, घरातली मोठी माणसे जाळी दुरुस्त करत बसलेली. या गेममध्ये काही मासे पाऊस पडत असतानाच गळाला लागतात. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा एक मुलगा मोठ्याने हसला आणि म्हणाला, "काकी, यांना फिशरीजवाले पकडत नाहीत का?"

आता फाइल ठेवण्याचे. यात मुलगा माझा शिक्षक आहे.

पहिली अडचण पेन ड्राइव्हची आली. ड्राइव्हवर जागा ३० जीबी मोकळी, फाइल पाच-सहा जीबीची, तरी संगणक म्हणे जागा नाही. ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने आखलेला असेल, तर त्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही, मग मोकळी जागा कितीही असो. एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केला की काम होते. मात्र फॉरमॅट केल्यावर आधीचे सगळे पुसले जाते, तेव्हा आतले फोटो आधी दुसरीकडे हलवावेत. मोठ्या गेमचा इन्स्टॉलर पुष्कळदा एक मुख्य फाइल आणि तिच्यासोबत चार-पाच तुकडे असा येतो. सगळे तुकडे एकाच फोल्डरात असले पाहिजेत. त्यातला एक राहिला तर बाकीचे निरुपयोगी, आणि हे समजते कधी? बंदर सुटल्यावर.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. जानेवारी २०२४ मध्ये अब्बू सफरीवर गेले तेव्हा त्यांच्याजवळ या गेमची १.५ आवृत्ती होती. १९ मार्चला १.६ आली आणि मुलाने घरी ती घेतली. नवी आवृत्ती जुनी शेती उघडते, पण नव्या आवृत्तीत पुढे नेलेली शेती जुनीत उघडत नाही. म्हणजे अब्बूंनी पाठवलेले इथे दिसणार, इथून पाठवलेले तिकडे नाही. मुलाने जुना इन्स्टॉलर पुसलेला नव्हता, म्हणून त्याने घरच्या दुसऱ्या संगणकावर १.५ बसवून अब्बूंसाठीची शेती वेगळी सांभाळली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक इन्स्टॉलरच्या फोल्डरला नाव, आवृत्ती आणि उतरवल्याची तारीख असते. नवी आली म्हणून जुनी फेकायची नाही. या गेमची फाइल अर्ध्या-एक जीबीच्या आसपास, तिला जागा ती किती लागते!

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इन्स्टॉलर म्हणजे रिकामे शेत. तुम्ही वर्षभर त्यात जे पेरले ते त्या फाइलमध्ये नसते. या गेमची शेती संगणकातल्या अॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात जाऊन बसते, आणि सगळा गेम ड्राइव्हवर घेतला अशा समाधानात लोक संगणक फॉरमॅट करून मोकळे होतात. खेळाची जी प्रगती आपण साठवतो, तिला इंग्रजीत 'सेव्ह' म्हणतात. संगणकावर मराठीत तिथे 'जतन करा' असते आणि उर्दूत 'महफूज करें'. दोन्ही भाषा शिकवते म्हणून हे शब्द माझ्या नजरेत भरतात; सेव्हपेक्षा दोन्हींत माया जास्त आहे. तर हा जतन केलेला फोल्डर अगदी लहान, दाबून बांधला की व्हॉट्सअॅपवर कागदपत्रासारखा जातो. अब्बूंच्या मोजक्या डेटातही तो बसतो. डर्बनहून, सांतोसहून, कुठून कुठून तो आमच्या घरी आला आहे. मुलगा उघडून पाहतो, अब्बूंनी कोंबड्यांना दाणे घातलेत की नाही, आणि फोनवर बोलायला विषय मिळतो.

डिस्कविषयी थोडे. उत्तनची हवा खारी. वलांड्यांवर बोंबील सुकतात त्याच वाऱ्यात आमच्या गेटच्या बिजागऱ्या आणि फ्रीजचा मागचा पत्रा गंजतो. यूएसबीच्या तोंडावर हिरवट डाग चढलेले मी पाहिले आहेत. म्हणून डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. साध्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, तिला धक्का सोसत नाही. आमची पहिली डिस्क जहाज डोलत असताना टेबलावरून पडली आणि टकटक आवाज करून थांबली. आता जहाजावर एसएसडी जाते, तिच्यात फिरणारे काही नसते. पण एसएसडी आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे वीज न देता पडून राहिले, तर त्यांतला मजकूर उडू शकतो. म्हणून घरी फिरणाऱ्या चकत्यांची, जहाजावर बिनचकत्यांची, आणि तिसरी प्रत मीरा रोडला माझ्या बहिणीच्या कपाटात. दोन्ही ईदच्या सुट्टीत सगळ्या डिस्क जोडायच्या आणि दोन-तीन इन्स्टॉलर खरोखर बसवून पाहायचे. नुसते फाइलचे नाव दिसते म्हणून ती शाबूत आहे असे नसते. शाळेत मी हजेरी घेताना प्रत्येक मूल तोंड वर करून "हाजिर" म्हणते आहे का ते बघते, तसेच हे.

वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीची किंमत काय, याची एक मोठी गोष्ट जहाजांच्याच धंद्यातली आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जगातल्या अतिमोठ्या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले. आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातले त्यांचे टर्मिनलही त्यात अडकले आणि कंटेनर खोळंबले. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला होता. पुढे कंपनीने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. पण ज्या यादीवर सगळे जाळे चालते, तिच्या जगभरच्या प्रती एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे एकदमच गेल्या होत्या. एकच वाचली, घानामधल्या कार्यालयातली. व्हायरस आला तेव्हा तिथली वीज गेली होती आणि तो संगणक बंद होता! नेटवरून एवढा मजकूर पाठवणे जमेना, तेव्हा माणसांनी ती डिस्क हातोहात इंग्लंडला पोहोचवली. आमच्याकडे पावसात वीज गेली की मुले कुरकुरतात, तेव्हा मी त्यांना घाना आठवा म्हणते.

जहाजांवर याचा धसका आहे. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ठरावानुसार जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थेत सायबर धोक्याचाही विचार करावा लागतो. स्वतःचा पेन ड्राइव्ह जहाजाच्या संगणकाला लावायला अब्बूंच्या जहाजावर सक्त मनाई आहे. त्यामुळे आमच्या फोल्डरात कुलूप तोडलेला, म्हणजे क्रॅक केलेला एकही इन्स्टॉलर नाही. स्टेशनबाहेर पन्नास रुपयांत पंचवीस गेम मिळतात, त्यांत गेमबरोबर आणखी काय येते ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

हे झाले भीतीचे कारण. दुसरे कारण जरा अवघड आहे, कारण आमच्या इन्स्टॉलरला कुलूपच नाही. जहाजावर दहा जणांनी आपापली डिस्क पुढे केली, तर अर्ध्या तासात दहा प्रती होतील आणि कोणालाही कळणार नाही. जहाजावर सिनेमे असेच फिरतात. २०२४ च्या त्या सफरीत एक बिहारकडचा कॅडेट होता, एकोणीस-वीस वर्षांचा, पहिलीच सफर, रात्री जेवायला उतरायचा नाही असा. त्याने अब्बूंचा गेम पाहिला आणि कॉपी मागितली. अब्बूंनी मला आवाजाच्या निरोपात विचारले, "काय करू? पोराला नाही म्हणवत नाही." मी म्हटले, विकणाऱ्याने आपल्यावर भरवसा ठेवून कुलूप लावले नाही, पैसे आपण एका घरचे दिले आहेत. मुलाला विचारले तर तो म्हणाला, "अब्बूंच्या लॅपटॉपवर त्याची वेगळी शेती सुरू करा ना. ते चालते." ड्यूटी संपल्यावर कॅडेट त्यांच्या केबिनमध्ये येऊन बसू लागला. आधी शेतासाठी, मग चहासाठी, मग घरच्या गोष्टी बोलायला. दोन महिन्यांनी तो जेवायलाही खाली येऊ लागला, याचे श्रेय मी गेमला देणार नाही. त्याचे चहाला आणि अब्बूंना.

एका बंदरात त्या मुलाची सफर संपली आणि तो घाईत उतरला. अब्बू घरी आले तेव्हा लॅपटॉपच्या फोल्डरात तीन शेते निघाली: बापाचे, लेकाचे, आणि एक वसंत ऋतूच्या २३व्या दिवशी थांबलेले. धाकटी म्हणाली, जागा लागते, पुसून टाका. मोठ्याने ते तिन्ही डिस्कवर घेतले, फोल्डरला 'कॅडेटची अमानत' नाव दिले आणि कोणी उघडायचे नाही असे बजावले. कारण उघडून एक दिवस जरी झोपले, तरी तारीख पुढे जाते.

दोन ईद तो फोल्डर तपासण्यात निघाला. मागच्या महिन्यात त्या मुलाचा अब्बूंना मेसेज आला. आता तो दुसऱ्या जहाजावर चढणार आहे, स्वतःचा लॅपटॉप घेतला आहे, गेमही पैसे देऊन घेतला आहे, आणि "अंकल, मेरा खेत होगा क्या?" आमच्या मोठ्याने फक्त आवृत्ती कोणती ते उलट विचारून घेतले आणि फोल्डर पाठवून दिला.